दोन दातांचा त्रिशूळ

"ए, डोस्कं खाली घे रं! मागच्यास्नी दिसंना झालंय!"

"मलाच दिसंना झालंय, तर खाली काय घेऊ?"

भैरोबाच्या देवळापुढचा मंडप असा गच्च भरला होता, की मुंगी शिरली असती तर तिलाही कुणीतरी "मागं सर" म्हणालं असतं. बायका पुढे, गडी मागे, पोरं खांबांवर. आमच्या गावात ग्रामसभेला एवढी माणसं कधी जमली नाहीत. ग्रामसभेला पारावर पत्ते कुटणाऱ्यांना बकोटीला धरून आणावं लागतं.

समोर चौरंग, चौरंगावर जमिनीला टेकेपर्यंत भगवं कापड आणि त्यावर काचेचे दोन पेले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात जलेश्वर महाराजांचं सिद्धजल. दोन्ही सारखीच नितळ. मागे रंगीत बल्बांची माळ लुकलुकत होती आणि कर्णा कोकलत होता.

"बालकांनो, पाणी बोलत नसतं. आम्ही त्याला बोलतं करतो," महाराज गरजले. "बोल गंगे! बोल यमुने! बोल नळयोजने!"

दोन्ही पेल्यांत त्यांनी एकेक छोटा त्रिशूळ उभा केला, डोळे मिटले आणि मांडीखाली हात घालून काहीतरी सारखं केलं. हे फक्त मी पाहिलं. मी शिराळा-आष्टा-सांगली गाडीवर कंडक्टर होतो. रिटायर झालो, तरी कुणाचा हात कुठे जातो हे बघायची डोळ्यांची खोड जात नाही.

आणि काय सांगू, नळाच्या पाण्यातून बुडबुडे उठू लागले. पाणी हिरवट झालं, मग पिवळं, मग तपकिरी, आणि शेवटी वर असा गाळ तरंगला की पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. शेजारचं सिद्धजल मात्र जसंच्या तसं, आरशासारखं.

"बघा! हे तुम्ही पिता!" महाराजांनी पेला उंच धरला. "हा पाणवठ्याचा कोप आहे. ही पापं पाण्यात उतरली आहेत!"

"जलेश्वर महाराज की जय!" सगळ्यांत मोठा आवाज आमच्या सौभाग्यवतीचा, रंगूबाईचा होता.

मी मागून विचारलं, "महाराज, त्रिशूळाला दोनच दात कसे?"

महाराज गोड हसले. "तिसरा अदृश्य आहे. पुण्यवंतालाच दिसतो."

"मला दिसतुया की!" सरपंच नानासो लगेच म्हणाले. मग काय, अर्ध्या मंडपाला दिसला. एकाला तर त्याच्यावर सोन्याचा मुलामाही दिसला.

आता हे महाराज आमच्या गावात उगवले कसे, ते सांगायला हवं. पावसाळ्यानंतर गावात जुलाब सुरू झाले, पाठोपाठ कावीळ आली. आरोग्य केंद्रानं पाण्याचे नमुने नेले आणि अहवाल आला: पाणी पिण्यास अयोग्य, मैल्यातले जंतू आहेत. लोकांनी नानासोंना धारेवर धरलं. नानासो पाइपलाइन तपासायला माणूस आणायचे, तर त्यांनी महाराज आणला. कोप झाला म्हटलं की पाइप उकरावे लागत नाहीत. महाराजांनी सिद्धजलाच्या बाटल्या दक्षिणा घेऊन वाटायला सुरुवात केली आणि वर फर्मान काढलं, "हे जल उकळायचं नाही. उकळलं की पाण्यातला देव मरतो."

गंमत म्हणून मीही हसलो असतो. पण माझी लेक अपेक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाणी उकळूनच द्या. या पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते." आणि घरात रंगूबाईनं पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवून सिद्धजलाची बाटली पुढे केली होती.

"अगं, लेकीला उकळलेलं दे."

"देव मारू व्हय मी? तेबी सातव्या म्हयन्यात?"

अपेक्षा आईकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि भांडण नको म्हणून बाटलीतलं प्यायची. मला त्या बाटलीची भीती वाटायला लागली होती, हे मी सरळ सांगतो.

शेवटी मी हायस्कूलच्या चंदना मॅडमना गाठलं. मॅडम आष्ट्याच्या, जैनांच्या घरातल्या, विज्ञान शिकवतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून, उकळून पितात. त्यांनी सगळं ऐकलं, दोन दातांचं ऐकून तर खुदकन हसल्या.

"काका, तिसऱ्या दाताचं कामच नाही त्यात. वीज एका दातानं येते, दुसऱ्यानं जाते. सिद्धजलाच्या पेल्यात चिमूटभर मीठ पडलं ना, तर महाराजांची सगळी सिद्धी बाहेर पडेल."

"पण टाकणार कोण? पेल्याजवळ मुंगी फिरकू देत न्हाईत."

"ते तुम्ही बघा. आणि ती वाटायची बाटली एक मला आणून द्या. जंतू तपासायच्या कुप्या आहेत माझ्याकडे. एकीत नळाचं पाणी घालते, एकीत तुमचं सिद्धजल. दोन दिवसांत कळेल."

बाटली मी दिली. मिठाचा विचार करत घरी आलो, तर दारात रंगूबाई अपेक्षाची दृष्ट काढत होती. मूठभर मीठ-मोहरी उतरवायची आणि चुलीत टाकायची, ही सगळ्यांची रीत. पण आमच्या मंडळींची आणखी एक शाखा आहे. एसटीत, लग्नात, जिथे चूल नसेल तिथे ती मीठ तांब्यातल्या पाण्यात सोडते. मीठ विरघळलं की नजर विरघळली. म्हणून तिच्या पदराच्या गाठीला खडेमीठ कायम असतं. माझ्या डोक्यात एकदम बल्ब पेटला.

महाराजांचा पुढचा दरबार दोन दिवसांनी, दिवस मावळायच्या सुमाराला होता. रंगूबाई आणि अपेक्षा बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या, मी त्यांच्या मागेच. पेले आले, त्रिशूळ आले, गंगा-यमुना-नळयोजना झाली. मी रंगूबाईच्या कानाशी लागलो.

"अगं, एवढी सगळी माणसं त्या सिद्धजलाकडं टक लावून बघत्यात. नजर लागली म्हंजे?"

"आगं बया!" रंगूबाई म्हणाली. "माज्या कसं ध्यानात न्हाई आलं!"

ती उठली. जिल्ह्यात असा माणूस जन्मला नाही, जो दृष्ट काढायला निघालेल्या रंगूबाईला अडवेल. शिष्य आडवा आला, तो कोपरानंच बाजूला झाला. महाराजांचे डोळे मिटलेलेच होते. रंगूबाईनं मूठ पेल्यावरून उतरवली, "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची, घरच्याची, दारच्याची..." आणि खडेमीठ सोडलं सिद्धजलात.

पेला नुसता उसळला. नळाच्या पाण्याला जितका वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात सिद्धजल तपकिरी झालं, त्यावर गाळाची साय धरली. महाराजांनी डोळे उघडले. "अगं माय! काय केलंस?"

"नजर काढली की! बगा, किती बाहेर पडतीया!"

तेवढ्यात चौरंगाखाली तडतड झाली. निळी ठिणगी उडाली. बल्बांची माळ गेली, कर्णा मध्येच मुका झाला आणि जळक्या वायरचा वास सुटला. भगव्या कापडाखालून धूर निघाला.

"महाराज पेटले! महाराज पेटले!"

मी पुढे होऊन लोंबतं कापड वर उचललं. खाली लाकडी खोकं, खोक्यातून निघालेल्या वायरी, महाराजांच्या मांडीखाली गेलेलं एक बटण आणि मंडपाच्या बोर्डाला लावलेली पिन. वायरी चौरंगाच्या आणि कापडाच्या भोकांतून, पेल्यांच्या मागच्या बाजूनं वर त्रिशूळांना जोडलेल्या. मी विचारलं, "तिसरा दात कुणाकुणाला दिसत होता? हात वर करा."

एक हात वर होईना. नानासो तर चप्पल शोधू लागले.

चंदना मॅडम पुढे आल्या. बाहेर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी त्यांनी मागवून घेतली. महाराजांनी पेला भरायला आणलेल्या कॅनमधलं ताजं सिद्धजल पेल्यात घेतलं, दोन खिळे वायरीनं जोडून त्यात सोडले. काही झालं नाही. चिमूटभर मीठ टाकलं, आणि थोड्याच वेळात खिळ्याभोवती तोच गाळ.

"हा गंज आहे," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं. महाराजांच्या पेल्यात क्षारच नाहीत. हे बॅटरीत घालायचं पाणी आहे, गॅरेजमध्ये मिळतं. आता हे बघा." त्यांनी नळाचं पाणी घेतलं आणि खिळ्यांऐवजी पेन्सिलीची दोन शिसं सोडली. चार बुडबुडे आले. पाणी नितळच राहिलं. "पाप पाण्यातलं असतं, तर आत्ताही निघालं असतं. ते त्रिशूळातलं होतं."

मंडप हसून लोटपोट झाला. नानासोंना तर उकळ्या फुटल्या. "म्हंजे आपलं पाणी चांगलंच हाय की! सांगा सगळ्यास्नी, पाणी चांगलं हाय!"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून दोन कुप्या काढल्या. दोन्ही काजळासारख्या काळ्या. "मैल्यातले जंतू असले की ही कुपी काळी होते. ही नळाच्या पाण्याची. आणि ही तुम्हाला वाटलेल्या सिद्धजलाची."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"दाखवायचं पाणी वेगळं आणि वाटायचं वेगळं," मॅडम शिष्याकडे वळल्या. "बाटल्या कुठे भरता?"

तो पोरगा रडकुंडीला आला होता. "देवळामागच्या नळाव."

म्हणजे गावानं आपलंच पाणी दक्षिणा देऊन विकत घेतलं होतं. एवढंच की आधी घरी ते उकळून तरी पीत होते, आता देव मरू नये म्हणून तसंच प्यायले. अपेक्षानं हातातली बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

रंगूबाई महाराजांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "माज्या गरवार लेकीला गटार पाजलंस व्हय रं? माज्याच हातनं?"

महाराज मागच्या दारानं निघाले होते, पण तिथे गडी उभे होते. पोलीस येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं आणि प्यायला पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "उकळलेलं आहे ना?"

जादूटोणाविरोधी कायद्यानं पुढचं काम केलं. आम्ही मागचं केलं, म्हणजे पाइप उकरले. बाजारतळाजवळ पाइप गटाराच्या आतून गेला होता आणि जोड सुटला होता. आणि पाणी आलं की घरोघरी नळाला मोटार लावून ते ओढायचं, ही आमची हुशारी. मोटारी लागल्या की सुटल्या जोडातून गटार पाइपात ओढलं जायचं. सगळ्यांत मोठी मोटार नानासोंची निघाली. कोप होता खरा, पण अर्ध्या घोड्याच्या ताकदीचा होता आणि आम्हीच बटण दाबत होतो.

पुढचे कितीतरी आठवडे मी रोज सकाळी लेकीला उजेडात बसवून तिचे डोळे बघायचो, पिवळेपणा दिसतो का ते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. रंगूबाई पाणी उकळायची आणि वाफेकडे बघत उभी राहायची. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. ज्या बाईनं लेकीवरच्या मायेनं चूक केली, तिला हसायची माझी हिंमत नव्हती. अपेक्षाला मुलगी झाली, गुटगुटीत, गुलाबी, आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात लहान पोरासारखा रडलो.

जोड बदलला, मोटारी निघाल्या, टाकीत पुन्हा जंतू मारायचं औषध पडू लागलं. मग मॅडमनी त्याच मंडपात, त्याच चौरंगावर नळाच्या पाण्यानं भरलेली कुपी आणून ठेवली. दोन दिवस गाव येऊन-जाऊन बघत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तशीच गर्दी. मॅडमनी कुपी उंच धरली. ती काळी झाली नव्हती. बुडबुडे नाहीत, गाळ नाही, ठिणगी नाही. काही म्हणजे काहीच झालं नव्हतं.

आणि त्या काहीच न होण्याला आख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात रंगूबाईनं, मांडीवर नात घेऊन.

लोकहो, ज्यानं चमत्कार दाखवला त्याला विचारा, खाली कापड कशाला घातलंस. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका आणि दिसत नाही म्हणून पाणी स्वच्छ समजू नका. तपासा. आणि तपासून होईपर्यंत, पोराबाळांची शपथ आहे, पाणी उकळून प्या.