सहावी वाईन

वाईन चाखणाऱ्याला नाक असावं लागतं म्हणतात. आमच्याकडे आलेल्या साहेबांचं नाक फक्त मुरडायच्या कामाचं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी आमची शेड, टाक्या आणि माझे रबरी बूट एकेकदा पाहिले आणि सासऱ्यांना विचारलं, "वाईन करतं कोण?"

"सध्या सूनच करते," सासरे म्हणाले. त्यातलं 'सध्या' मला नीट ऐकू आलं. ह्या साहेबांनी बरे गुण दिले तर पुढचा हंगाम माझ्याकडे, नाहीतर धाकट्या दिराकडे, असं त्यांनी मागच्याच आठवड्यात जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. चार वर्षं मी त्या टाक्यांत उतरून त्या घासल्या. भाऊजींनी एकदाच एका टाकीचं झाकण लावलं, तेही सैल. आत हवा गेली, आठशे लिटर पांढरी वाईन बिघडली, तिला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास सुटला. वीस दिवसांपूर्वी मी ती सगळी गटारात सोडली. तेव्हापासून सासरे माझ्याशी तुटक बोलत होते.

म्हणून टेबलावर पाचच ग्लास होते. साहेबांनी एकेक ग्लास उजेडात धरला, फिरवला, डोळे मिटले, सकाळी बेसिनपाशी करतात तशी चूळ खळखळवली आणि बादलीत थुंकले. सासऱ्यांनी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. मग साहेबांनी बॅगेतून कागद काढले आणि वाचायला लागले. कागद छापलेले होते. आत्ता चाखलेल्या वाईनबद्दल छापील कागद! उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण ती माणसं निदान जीभ तरी उचलतात. ह्यांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

पहिलीत पिकलेली फळं होती, दुसरीत ओला दगड, तिसरीत म्हणे संयत खिन्नता. ही खिन्नता मी कधी घातली ते मला काही आठवेना. पाच झाल्या, आणि साहेबांनी पान उलटलं.

"आता सहावी. पांढरी. सगळ्यांत उजवी. नाजूक, फुलांचा गंध, जिभेवर बराच वेळ रेंगाळते. शंभरपैकी ब्याण्णव."

महिन्यापूर्वी त्यांना पाठवलेल्या यादीत ती होती खरी. मी म्हटलं, "साहेब, सहावी गटारात जाऊन वीस दिवस झाले. तुम्ही ती चाखलीत कुठे?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी ग्लास मोजले, मग कागदाकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आता सासऱ्यांनी ह्याला गाडीपर्यंत पोचवायचं, एवढंच उरलं होतं.

सासरे उठले, पण वळले माझ्याकडे.

"ऐकलंस? ब्याण्णवची वाईन तू ओतून दिलीस."

"अहो बाबा, त्यांनी ती प्यायलीच नाहीये!"

"तू गप्प बस. एवढा शिकलेला माणूस उगाच लिहील? पुढच्या हंगामापासून टाक्या धाकटा बघेल."

भाऊजी दाराशी उभे होते. वाईन ओतली त्या दिवशी तिचा एक घोट घेऊन ते स्वतःच्याच चपलांवर ओकले होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी खाली मान घातली.

"बरं, बाबा," ते म्हणाले. "ब्याण्णवच्या खाली नाही जाऊ देणार."