बयनाबाईचा नवा प्रश्न

आदिलाबादच्या बाजारात वांगी विकणाऱ्या बयनाबाईला इंग्रजीतलं एकच वाक्य येत असे, तेही बाबाराव सरांनी घोकून घेतलेलं: ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’

सरांची शिकवणीच तशी होती. फळा नाही, बाकं नाहीत. पोरांना घेऊन गावभर हिंडायचं. बसस्टँडवर काळ शिकायचे: निर्मलची बस गेली, भीमपूरची उभी आहे, नागपूरची येईल. रेल्वे गेटापाशी अलीकडे, पलीकडे, मधून, खालून. बाजारात विशेषणं. प्रत्येक थांब्यावर एक ओळखीचं माणूस आणि त्याचा एक प्रश्न. पूर्ण वाक्यात उत्तर दिल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, आणि एकानं दिलेलं उत्तर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. कुणी पुटपुटलं की सर कानामागं हात धरत. ‘लाउडली, प्लीज!’

सर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा जुना विद्यार्थी भूषण रोज येऊन बसू लागला. थांब्यांचा क्रम, प्रश्न, खाचाखोचा, सगळं विचारून मोबाइलमध्ये भरून घेऊ लागला. सर खूश. ‘माहा एक तरी पोट्टा हे पुढं नेईन,’ असं मुलीला, प्रियदर्शनीला, म्हणत. सांगण्यासारखं संपलं तसा भूषण यायचा थांबला. मग दारात पाऊल वाजलं की सर मान वळवत. ‘भूषण आला का व?’ हेच विचारत ते गेले.

सरांना निरोप द्यायला जमलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही भूषण आला नाही. त्याच दिवशी चौकात त्याचा फलक लागला: ‘शहरातून इंग्रजी. भूषण सरांनी स्वतः शोधलेली पद्धत.’ प्रियदर्शनीनं फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि ती बाजाराकडे वळली.

‘मावशी, एक नवा प्रश्न शिकता का?’

‘आता या वयात? काऊन?’

प्रियदर्शनीनं सांगितलं. बयनाबाईनं हातातलं वांगं तागडीत आपटलं.

‘लय मोठा हाय का तो प्रश्न?’

‘चारच शब्द.’

‘मंग म्हण.’

बसस्टँडवरच्या चहावाल्या भिवाजीनं आणि गेटाजवळच्या सायकलवाल्या रामाजीनंही तोच प्रश्न पाठ केला.

रविवारी भूषणनं पालकांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं. पुढं पोरं, मागं पालक, आणि पालकांच्या मागं पिशवी घेतलेली प्रियदर्शनी. बसस्टँडवर भिवाजीनं कप विसळता विसळता विचारलं, ‘हू वॉज युवर टीचर?’

‘काका आज आपला प्रश्न विसरले वाटते,’ म्हणत भूषण हसला आणि पोरांना घेऊन सटकला.

बाजारात बयनाबाई वाटच पाहत होती. ‘हू वॉज युवर टीचर?’

मैत्री नावाची पोरगी टुणकन पुढं आली. ‘भूषण सर इज माय टीचर!’ सगळ्यांनी री ओढली.

‘तुले नाही व बाई. तुह्या सरले विचारून राह्यली मी.’

पालक हसले. भूषण म्हणाला, ‘मावशी, गिऱ्हाईक पहा ना तुमचे.’

‘आज तूच माहा गिऱ्हाईक. उत्तर देल्याबिगर पुढं जाता येत नाही, हे मी सांगू का तुले?’

‘हो ना सर,’ मैत्री म्हणाली. ‘तुमीच सांगता आमाले.’

भूषणनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला पालकांच्या मागं उभी प्रियदर्शनी दिसली. ‘ताई, हे बरं नाही.’

‘पूर्ण वाक्यात,’ ती म्हणाली.

प्रात्यक्षिक टिपायला पालकांनी मोबाइल वर धरलेलेच होते. भूषण खाली बघत पुटपुटला, ‘बाबाराव सर वॉज माय टीचर.’

प्रियदर्शनीनं कानामागं हात धरला. ‘लाउडली, प्लीज.’

त्याला पुन्हा म्हणावं लागलं. आणि पोरांनी, सवयच ती, बेंबीच्या देठापासून सूर धरला: ‘बाबाराव सर वॉज माय टीचर!’ पलीकडच्या मिरचीवाल्यानंही मान वर केली.

‘हे बाबाराव सर कोण?’ एका पालकानं विचारलं. बयनाबाईनं तागडी बाजूला ठेवली आणि ती सांगायला बसली.

भूषण प्रियदर्शनीजवळ आला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ‘झालं ना ताई आता?’

तिलाही वाटलं होतं, एवढ्यानं होईल. पण उशीवरून दाराकडं वळलेली बाबांची मान काही डोळ्यांपुढून हलेना.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘गेटापाशी रामाजीकाका थांबलेत. चल.’