आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. माझी पाठ अजून ताठ आहे. शाळेत गेले असते तर कुण्या मास्तरांखाली झिजले असते. मी गाण्याखाली झिजले.

सुताराने घडवताना माझा मागचा डावा पाय नखभर आखूड कापला. चूक त्याची, पण मिरवते मी. माझ्यावर बसून कोणी झुललं की 'टक्... टक्' असा ठेका पडतो. या घरची आई तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन अशीच झुलायची. एकदा तिने त्या पायाखाली पुठ्ठा सारला, तर पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. पुठ्ठा काढला, पोर झोपली.

पुढे तीच पोर गाणी रचायला लागली. ना कंपनी, ना शेठ. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायचं. पहिला अल्बम तिने माझ्यावर बसून, मोबाईलवर, माझ्या टकटकीसकट केला. लोक म्हणाले, "काय गळा आहे!" खुर्चीचं नाव कोणी काढलं? कोणी नाही. तरी मी फुगून बसायचे.

मग दुसरा अल्बम आला आणि त्याच्याबरोबर माझी सवत.

या वेळी आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीत गाद्या-चादरी टांगल्या, मोठा माइक आला, रेकॉर्डिंगवाला आला. कानाला हेडफोन लावून त्याचं पहिलंच वाक्य, "ताई, ही म्हातारी मध्येमध्ये बोलतेय. बाहेर काढा हिला."

दुसऱ्या दिवशी काळी फिरती खुर्ची हजर! गुबगुबीत, चकचकीत. धड चार पाय नाहीत, चाकांवर चालते, आणि तोरा बघा! बसून दांडा ओढला की खाली, उठून ओढला की वर. जिला स्वतःची उंची ठरवता येत नाही, ती म्हणे गायिकेला सांभाळणार!

मला गॅलरीत टाकलं. माझ्या अंगावर ओली पायपुसणी वाळू लागली. आई म्हणाली, "रविवारी भंगारवाला येईल, देऊन टाकू." पोरगी काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला भंगारवाल्यापेक्षा जास्त लागलं.

मी दाराच्या फटीतून ऐकत राहायचे. गाणं अडलं की माझ्या जिवाला गार वाटायचं. वाटणारच!

"ताई, ठेका सोडून परत पुढे पळालात."

"मी कुठे पळतेय? तुमचं टिकटिक यंत्रच मागे पडतंय."

"यंत्र कधी मागे पडतं का?"

टिकटिक कानात घेतली की ती कवायत केल्यासारखी गायची. काढली की सुसाट.

शनिवारी ती तणतणत गॅलरीत आली. पायपुसणी भिरकावली आणि धपकन माझ्यावर बसली. "नाहीच करत मी अल्बम. झालं?"

आई शेजारी शेंगा सोलत होती. पोरगी नकळत झुलायला लागली. टक्... टक्... आणि आठवडाभर अडलेलं गाणं, ना घाई ना कवायत, तिच्या तोंडून सरळ बाहेर पडलं.

आई हसली. "तान्ही होतीस तेव्हाही पुठ्ठा काढल्याशिवाय गप्प व्हायची नाहीस."

"कसला पुठ्ठा?"

आईने सगळं सांगितलं. रेकॉर्डिंगवाला दारात उभा राहून ऐकत होता. डोकं खाजवत म्हणाला, "धरा ताई एका बाजूने. म्हातारीला आत घेऊ."

मित्रांनो, माझ्या आखूड पायाजवळ वेगळा माइक लावला! सवतीला कोपऱ्यात ढकललं, तेव्हा तिची चाकं कशी चिरकली म्हणून सांगू!

अल्बम झाला. पण मुखपृष्ठावर फोटो कोणाचा? पोरगी बसली आहे त्या काळीवर! "लाकडी खुर्ची फोटोत मळकट दिसते," म्हणे. नुसता जळफळाट झाला माझा. तो फोटो टांगलाय पण नेमका माझ्यासमोर. मिरव बाई, मिरव. पण पहिलं गाणं लावा आणि नीट कान द्या. शब्द सुरू होण्याआधी एक 'टक्' येतो. तो माझा.

तेव्हा मित्रांनो, जुन्या खुर्चीला कोरड्या फडक्याने पुसत जा, तिच्यावर ओली पायपुसणी टाकू नका. आणि कोणाचा पाय आखूड दिसला, तर लगेच पुठ्ठा शोधायला धावू नका. आधी जरा टेकून बघा.