गिरणीवरची चौकशी

धर्मराजचे सगळे कागद ठाकठीक होते. पदवी होती, पोलिसांचं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र होतं, आणि सोमवारपासून बदनापूरच्या वसतिगृहात चाळीस मुलांचा रेक्टर म्हणून राहायची तयारीही होती. संस्थेचे अध्यक्ष लालमियाँ सहीसाठी पेन काढून बसले होते. पण समितीवरचे निवृत्त शिक्षक नरहर गुरुजी अर्ज उलटसुलट करून पाहत होते.

“केदारखेड्यात तीन वर्षं शिकवणी घेतली आणि जानेवारीत बंद केली. परीक्षा तोंडावर असताना शिकवणीवाला गाव का सोडेल?”

“गुरुजी, पोलिसांचा कागद बिलकुल साफ हाय. तुमी काय त्याला पोरगी देऊन राह्यले का?”

“कोऱ्या उत्तरपत्रिकेतसुद्धा एकही चूक नसते, लालमियाँ.”

लालमियाँनी पेनाला टोपण लावलं. “जा मंग. पण सोमवारच्या आत बोला. दुसरा माणूस न्हाई माझ्याकडं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याला पोचले. चौकशी करायची तर सगळं गाव जिथं येतं तिथं करावी, म्हणून ते पिठाच्या गिरणीवर गेले. गिरणी नंदाबाईची. धर्मराजचं नाव काढताच तिनं पदरानं खुर्ची पुसली.

“बसा पाव्हणं. पोरगं एक नंबर हाय. सुपारीचं खांड खात न्हाई. पाच एकर बागायत, एकच बहीण, तीबी दिलेली.”

गुरुजी चकित झाले. कुठल्याही प्रश्नाआधी उत्तरं येत होती, आणि बागायतीचं तर त्यांनी विचारलंच नव्हतं. मुलांना कसं शिकवायचा, म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, “आईचा लई लाडका. सुनंला तरास न्हाई व्हायचा.”

मग गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, परगावचा म्हातारा माणूस. बाईनं त्यांना मुलीचा बाप ठरवलं होतं.

“नंदाबाई, मी सोयरीक बघायला आलो नाही. बदनापूरला मुलांचं वसतिगृह आहे. तिसरी-चौथीची मुलं. त्यांच्यासोबत रात्रंदिवस राहायला हा माणूस ठेवायचा आहे.”

बाईनं हात लांब करून गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

“रात्रीबी?”

“रात्रीसुद्धा.”

तिनं चाळणीतला कोंडा झटकून चाळणी बाजूला ठेवली. गुरुजी थांबले. वर्गात अडखळणाऱ्या मुलासाठी ते असेच थांबत.

“माझा नातू जायचा त्याच्याकडं,” ती शेवटी म्हणाली. “सगळी पोरं सुटली की एकाला मागं थांबवायचा. दार लोटून मोबाईल दाखवायचा. कोनाला सांगू नको म्हनायचा. नातू एका दिवशी जाईच ना. मंग कळलं, पाच घरची पोरं तशीच घरी बसल्याली.”

“कुणी तक्रार नाही केली?”

“त्याचं लगीन जमून राह्यलं होतं. आपन कशाला मोडायचं, असं म्हनलं सगळ्यांनी. पोरं काढून घेतली, झालं. ते लगीन पुढं न्हाईच जमलं.”

“म्हणून त्याचा कागद साफ राहिला,” गुरुजी म्हणाले. “नातवाला खोदून विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका, आणि त्याची चूक नाही एवढं सांगा. बाकीचं मोठ्यांनी बोलायचं. आधी आमच्या अध्यक्षांशी, मग भोकरदनला पोलिसांकडं. मी बरोबर येतो.”

“धर्मराजची आई दळन आनती माझ्याकडं. उद्या तिला काय तोंड दाखवू?”

“अवघड आहे, बाई. मी परत गेल्यावरही तुम्हाला इथंच राहायचं आहे. पण सोमवारी त्या मुलांच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात जाईल.”

बाहेर दोन बाया डबे घेऊन आल्या. “नंदे, लाइट गेली का?”

“न्हाई,” नंदाबाई म्हणाली, “मीच बंद केली. थांबा जरा.”

तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि गुरुजींपुढं तळवा धरला. त्यांनी लालमियाँचा नंबर लावून फोन दिला. बाया आत डोकावत होत्या, तरी तिनं आवाज खाली घेतला नाही.

“अध्यक्षसाहेब, मी नंदाबाई बोलून राह्यले, केदारखेड्याच्या गिरणीवरून. लिहून घेता का?”