खंडेनवमीचं तेल

मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यात, चिंधा आबांच्या ओट्यावर, खुंटीला नाडीनं टांगलेला असतो. शेजारी माझा डावा जोडीदार आहे. तो फारसा बोलत नाही, आणि मलाही आताशा बोलायचा कंटाळाच येतो. पण मित्रांनो, तुम्ही समोर येऊन बसलात म्हणून सांगतो. मध्येच दम लागला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगात चामड्याचा तुकडासुद्धा नाही. वरून तसा दिसतो एवढंच. आत सगळा प्लास्टिकचा कारभार, आणि तळवा नुसता चिकटवलेला. हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

जळगावच्या एका दुकानात मी काचेमागे बसलो होतो. तिथं एक दिवस धोतर नेसलेले चिंधा आबा आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची नात पुनम. पुनमला जळगावच्याच एका नव्या क्लबनं मुलींच्या संघात घेतलं होतं. एका हंगामाचा करार, खेळायचं आणि त्याचा पगार. आबांना त्याचं फार अप्रूप. ते दुकानदाराला सांगत होते, "आमनी पुनम नोकरीले लागनी. बॉल खेयानी नोकरी शे."

दुकानदारानं मापाची जोडी काढली, तर आबांनी हात आडवा केला. "एक नंबर मोठा दे भाऊ. पोर वाढी ऱ्हायनी."

आता अठराव्या वर्षी कुणाचे पाय वाढतात? पण ज्या माणसानं घरातल्या प्रत्येक पोराला वाढत्या अंगाचे कपडे घेतले, त्याला हे कोण सांगणार? मोठी जोडी पुनमच्या पायात चढवली. आबांनी वाकून अंगठ्यानं माझं टोक दाबलं. "बरोबर शे ना?"

"बरोबर शे, आबा," पुनम म्हणाली. नव्हतंच बरोबर. माझ्या टोकाला चांगली बोटभर जागा रिकामी होती.

घरी आल्यावर तिनं खळ्यातल्या कापसाचे दोन बोळे केले. एक माझ्या टोकात कोंबला, एक डाव्याच्या. त्या कापसासकट मी खेळलो, मित्रांनो. घामानं तो बोळा भिजायचा, दगडासारखा व्हायचा आणि रात्री वाळायचा. मला त्याची सवय झाली, पुनमच्या बोटांना काही झाली नाही.

बाहेरून बघणाऱ्याला खेळाडूचं आयुष्य म्हणजे टाळ्या वाटतात. माझ्या वाट्याला आलं ते असं: पहाटे धावणं, दुपारी व्यायाम, संध्याकाळी सराव, आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसणं. पुनम नवी होती, आघाडीला खेळणाऱ्या मुली आधीच दोन होत्या. ती बाकावर बसून माझी नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची. खोलीवर आली की मला कोपऱ्यात ठेवून भिंतीला पाठ टेकून बसायची. तिच्याबरोबर राहणारी मेघा जेवायला हाक मारायची, तर हिला उठायचाही कंटाळा. हातपाय न चालवताही माणूस किती दमतो ते मी तिच्याकडे बघून शिकलो.

असा बराच हंगाम गेला. मग एकदा कोच मॅडमनी तिला बोलावलं. म्हणाल्या, "दसऱ्यानंतरच्या सामन्यात तू सुरुवातीपासून खेळशील. पुढच्या वर्षी तुला ठेवायचं की नाही, ते मला त्यात बघायचंय."

 सणाला दोन दिवस घरी जाऊन ये, असंही मॅडमच म्हणाल्या. पुनमनं मला पिशवीत घातलं आणि शिंदखेड्याची गाडी पकडली.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आबा घरातली सगळी अवजारं पुसून, तेल देऊन पूजेला मांडतात. विळे, कुऱ्हाड, मोटारीचे पाने, जुन्या बैलजोडीचे पट्टे. बैल जाऊन किती वर्षं झाली, पण पट्ट्यांना तेल चुकत नाही. त्या रांगेत आबांनी आम्हा दोघांना ठेवलं. नातीच्या नोकरीचं अवजार ते, सोडतील कसे? वाटीत एरंडेल घेतलं आणि हातानं चोळचोळून पाजलं. पुनम दारात उभी होती.

"चामडं शे," आबा तिला म्हणाले. "तेल नही दिधं ते तडकी जाई."

पुनमनं तोंड उघडलं आणि मिटलं. आबांचे डोळे असे काही सुखावले होते, की तिच्यानं बोलवलंच नाही. मग हळदकुंकू झालं, झेंडूचं फूल झालं, आणि तेल मुरावं म्हणून आबांनी आम्हाला पत्र्यावर उन्हात ठेवलं. दसऱ्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. तेल माझ्या सांध्यात उतरलं आणि आतला डिंक सैल पडायला लागला. आबांना ऐकू गेलं असतं तर मी ओरडलो असतो.

सामना सुरू झाला तेव्हा मी चमकत होतो. पहिला थोडा वेळ पुनम छान धावली. मग एकदा तिनं चेंडू पुढ्यात घेतला, समोर फक्त गोलकीपर होती, आणि माझा तळवा पुढून उघडला. चेंडू भलतीकडेच गेला. तिनं चिकटपट्टी मागून घेतली, माझ्याभोवती गुंडाळली, पुन्हा धावली. पट्टीही तेलावरून घसरली. मध्यंतराला मॅडमनी तिला बाहेर काढलं.

"व्यावसायिक खेळाडू म्हणवतेस ना? स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत?"

"चुकलं, मॅडम," पुनम म्हणाली. आबांचं नाव तिनं घेतलं नाही. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. बूट कसे चालले, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "बेस शेतस, आबा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

जळगावच्या एका चांभारानं मला काळ्या जाड दोऱ्यानं शिवलं. चालण्यापुरता बरा झालो, खेळण्यापुरता नाही. पुनम पुन्हा बाकावर गेली. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला म्हणून तिला उतरवलं, तेव्हा तिनं मेघाचे जुने बूट घातले होते. ते घट्ट होते. ती लंगडत आली, पण गोल करून आली. करार पुन्हा मिळाला, एकाच हंगामाचा. ती हसली नाही, आनंदानं नाचली नाही. आधी झोपली.

क्लबनं यंदा तिला नवे बूट दिले, पायाचं माप घेऊन. आणि परवाच्या खंडेनवमीला ती दोन्ही जोड्या घेऊन घरी आली.

आबांनी वाटीत तेल काढलं. पहिलं मलाच उचललं. चोळताना त्यांचा अंगठा माझ्या काळ्या दोऱ्यावर आला आणि थांबला. त्यांनी मला उलटं केलं, टाके बघितले; फटीत गेल्या खंडेनवमीचं तेल सुटलेल्या डिंकात कालवून बसलं होतं. मग आत हात घातला, तर टोकातून कापसाचा कडक बोळा निघाला. स्वतःच्या शेतातला कापूस आबा ओळखणार नाहीत तर कोण?

"मोठा व्हतात का वं?"

पुनमनं मान हलवली.

"आनि हाई तेलमुळे उकललं?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"मंग माले सांगं का नही?"

"इतला जीव लाईसन तुम्ही करं, आबा. कसं सांगू?"

 आबांनी हाताचं तेल धोतराला पुसलं. मग नव्या जोडीकडे बोट करून विचारलं, "यास्ले काय लागस?"

"ओल्या फडकानं पुसनं, सावलीमा ठेवनं. बस."

आबांनी उपरण्याचं टोक पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं आणि नवे बूट पुसले. हळदकुंकवाचं एकेक बोट लावलं. तेलाची वाटी मात्र माझ्याकडे सरकवली. माझा खेळ संपलाय, मला आता तेल बाधत नाही. खरं सांगू, मला ते आवडतंही.

मित्रांनो, मी थकलोय, जास्त सांगत नाही. कुणासाठी काही करायला घ्याल तेव्हा आधी त्याला एकदा विचारा. आणि तुमच्यासाठी कुणी करत असेल आणि ते चुकत असेल, तर गोड बोलून, पण सांगा. गप्प राहून माझ्यासारख्याचा तळवा निघतो.

जायच्या आधी पुनमनं ओट्यावर बसून नवे बूट पायात घातले. आबा वाकले, गुडघा धरून खाली बसले, आणि अंगठ्यानं टोक दाबलं.

"बरोबर शे ना? खरं सांग."

"बरोबर शे, आबा."

या वेळी ते खरंच बरोबर होतं.