रितेशच्या वितीची काठी

मी एक चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी. अंगावर बारा खाचा, दोन खाचांच्या मध्ये रितेशची एक वीत. सगळे मला तेजलची काठी म्हणतात. मी तिची नाही. तिची मोडली.

तेजल रितेशची थोरली बहीण. रत्नागिरीला कॉलेजात शिकायची. गावच्या विहिरीचं पाणी दरवर्षी किती उतरतं, हा तिचा अभ्यास. मापायला तिने रितेशकडून काठी मागितली. रितेशने आठवीतून शाळा सोडलेली. त्याने आपल्या वितीने खाचा पाडल्या. तेजल पोट धरून हसली, पण काठी टाकली नाही.

"ऱ्हाऊदे. तुझी वीत तर तुझी वीत," म्हणाली. टेप लावली, अठरा सेंटिमीटर भरली. मग त्याचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. त्या एप्रिलात विहिरीच्या शेवटच्या पायरीवरून काठी तळाला टेकवली. पाणी दहा विती.

पुढच्या मार्चमध्ये रितेशने त्याच काठीने कैऱ्या झोडल्या आणि ती मोडली. ताई ओरडेल म्हणून त्याने मला तोडून आणलं, वितीने खाचा पाडल्या आणि गप्प बसला. एप्रिलात तेजलची परीक्षा होती. तिने फोनवरच विचारलं.

"किती रे?"

"नऊ."

"नीट बघितलंस ना?"

"नऊच गो ताई. मी काय आंधळा हाय?"

ऑगस्टात तेजल तापाने गेली. चार दिवसांत. त्यानंतर आई तिची ओढणी रोज घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. रितेश मला हात लावत नव्हता. विहिरीकडेही जात नव्हता.

जानेवारीत तेजलची मैत्रीण ज्ञानेश्वरी हिचा फोन आला. कॉलेजात मुलं आपापलं काम मांडणार होती. तेजलचं पोस्टर तयार होतं, ते ती लावणार होती. "काठी घेऊन तू ये," म्हणाली.

एसटीत मी आडवी मावेना. कंडक्टर म्हणाला, "काय रे, मासे गरवायला चाललास काय?" रितेश खूप दिवसांनी हसला.

हॉलमध्ये कुणी खेकड्यांच्या बरण्या मांडल्या होत्या, कुणी मातीचे मुखवटे. एक मुलगी स्वतःच्या कविता वाचत होती. तेजलच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं: एका वर्षात पाणी एका वितीने घटलं. खाली रितेशच्या पंजाची आखणी. शेजारी मी, आणि मला धरून रितेश.

एक वयस्कर बाई थांबल्या. परीक्षक होत्या. "हा पंजा कुणाचा?"

"माझा," रितेश ऐटीत म्हणाला आणि त्याने हात आखणीवर ठेवला.

बोटं रेषेबाहेर गेली.

त्याने हात झटकन मागे घेतला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दोन्ही वर्षं काठी हीच होती ना रे बाळा?"

हो म्हणाला असता तर संपलं असतं. मी काही बोलू शकत नव्हते. माझ्या अंगावर त्याच्या तळव्याचा घाम झिरपत होता.

"नाय," तो म्हणाला. "ती मी मोडली. ही दुसरी."

ज्ञानेश्वरीने टेप आणली. माझ्या दोन खाचांमधलं अंतर वीस सेंटिमीटर भरलं. तिने पोस्टरच्या कोपऱ्यात हिशेब केला. दहा अठरं एकशेऐंशी. नऊ विसं एकशेऐंशी.

पाणी तेवढंच होतं. फक्त रितेशचा हात वाढला होता.

"तिने शेवटचं काम केलं, ते मी खोटं केलं!" तो ओरडला. कवितांची मुलगी मध्येच थांबली. त्याने मला गुडघ्यावर घेतलं. मी करकरले.

"मोडू नको!" ज्ञानेश्वरीने माझं दुसरं टोक धरलं. "अरे, ही आहे म्हणून तिचा आकडा दुरुस्त तरी होतो. ही गेली तर काय उरलं तिचं?"

मग तिने पेनाने 'घटलं' वर रेघ मारली. बक्षीस मिळालं नाही. रितेशने विचारलंही नाही.

आता मी माळ्यावर आहे. पोस्टर गुंडाळून माझ्याच अंगाला बांधलंय. त्यावर तिसऱ्या वर्षाचा रकाना तेजलने आखून ठेवला होता. तो कोरा आहे, आणि एप्रिल लागलाय.

रितेश, तू खालून जाताना वर बघत नाहीस, मला कळतं. पण तुझा हात अजून वाढेल. माझ्या खाचा आहेत तेवढ्याच राहतील. मला खाली काढ. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहा आणि मला तळापर्यंत सोड. ताईने विचारलं होतं, नीट बघितलंस ना.

या वेळी नीट बघ.