माझं नववं पान

मी गोष्टीचं एक पुस्तक बोलतोय. बत्तीस पानं, रंगीत चित्रं. सावली तालुक्यातल्या एका शाळेत खिडकीजवळच्या दोरीवर मी टांगलेला असायचो. माझ्यात एका कष्टाळू शेतकऱ्याची गोष्ट आहे. तो नांगरतो, धान लावतो, कापतो आणि शेवटी गावात त्याचा सत्कार होतो. त्याची बायको शिदोरी घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलाच्या शेतात, येते, एवढंच तिचं काम.

खरं सांगतो, मला फार तोरा होता. शहरातल्या छापखान्यातून आलेलो मी! माझ्यात काही चुकीचं असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

चौथीतली संघप्रिया मला हौसेने दोरीवरून काढायची. पण बाईंसमोर वाचायला उभी राहिली की आठ पानं सरसर वाचून नवव्यावर तोंड मिटायची. ‘शेतकऱ्याने एकट्याने सारे धान रोवले,’ एवढं एकच वाक्य तिथे. तरी ती बोट ठेवून गप्प. तीनदा असं झाल्यावर रंजीताबाईंनी वहीत लिहिलं, ‘वाचन कच्चे’. सोमवारपासून तिला दुसरीच्या पोरांत बसवायचं ठरलं. वर्गातली मुलं तिला आतापासूनच चिडवू लागली. मलाही वाटलं, पोरगी ढ दिसते.

बाईंनी तिच्या आईला, रिनाला, बोलावून घेतलं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सोडून ती तशीच आली. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता.

बाई म्हणाल्या, “पाहा, इथेच अडते.”

“वाच न बेटा, काऊन थांबली?” आईने विचारलं.

संघप्रियाचे डोळे भरून आले. “मले वाचता येते, आई. पण ह्यात लिवलं हाये का त्यानं एकट्यानंच रोवलं. तू तर तापातबी रोवण्याले गेली होती. मग हे खोटं मी मोठ्यानं कशी वाचू?”

रिनाने मला हातात घेतलं. चित्रातली शिदोरीवाली बायको निरखून पाहिली आणि ती हसलीच. “बांधीत उभी हाये, अन् पायाले चिखल बी नाई लागला इच्या!”

मग बाईंनी पुढची पानं काढून दिली. संघप्रियाने ती शेवटपर्यंत न अडखळता वाचली. “माझी मायबी रोवण्याले जात होती वो,” त्या रिनाला म्हणाल्या. “चार वर्सं मी हे पुस्तक शिकवून राह्यली, मले नाई दिसलं.” वहीतला शेरा त्यांनी खोडला आणि संघप्रिया चौथीतच राहिली.

मला लाज वाटली. इतकी वर्षं ते पान माझ्याच पोटात होतं.

माझ्या मागच्या कव्हरवर ‘पुस्तकावर लिहू नये’ असा शिक्का आहे. तरी बाईंनी संघप्रियाच्या हातात पेन्सिल दिली. तिने नवव्या पानाच्या कडेला काहीतरी लिहिलं. मग इतर मुलंही लिहू लागली. ‘सत्कार फक्त त्याचाच का?’ ‘सत्कारात बायको कुठे बसली?’ माझ्या कडा भरून गेल्या.

गेल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी मला खराब पुस्तकांच्या गठ्ठ्यात टाकलं. आता मी कपाटाखाली पडून आहे. रद्दीत गेलो तरी माझी तक्रार नाही. एकच विनंती आहे: वाचता वाचता एखादं मूल थांबलं, तर त्याला येत नाही असं लगेच लिहू नका. का थांबलं, ते आधी विचारा.

आणि मला फेकण्याआधी नववं पान एकदा उघडा. बत्तीस पानांत त्या बायकोला कुठेच नाव नव्हतं. तिथे आता पेन्सिलीने लिहिलंय, ‘रोवणा माझी आई रिना करते.’